ओरिएंटल पॉपी मेली समजून उपटताय? थांबा, या चुका टाळा

बहर ओसरला की ओरिएंटल पॉपी या वर्षानुवर्षं टिकणाऱ्या शोभेच्या फुलझाडाची पानं पिवळी पडतात, वाळतात आणि ऐन उन्हाळ्यात वाफ्यात नुसती माती उरते. सगळ्यात जास्त रोपं याच वेळी हकनाक जातात. कुणी मेलं म्हणून उपटतं, तर कुणी वाचवायच्या नादात पाणी वाढवतं. खरं तर रोप झोपलेलं असतं. कॉकेशस, ईशान्य तुर्कस्तान आणि उत्तर इराण हे त्याचं मूळ घर. तिथला कोरडा उन्हाळा ते जमिनीखाली काढतं आणि हवा गार होऊ लागली की केसाळ, कातरलेल्या पानांचा नवा झुबका वर येतो.

शंका असेल तर बोटाने माती अलगद बाजूला करून मुळाचा माथा चाचपा. टणक लागला तर माती परत ओढा, शेजारी खुणेची काडी रोवा आणि पाणी आवरतं घ्या. लिबलिबीत लागला तर मात्र कूज लागली आहे. हे झाड थंडीपेक्षा साचलेल्या पाण्याने जास्त मरतं, म्हणून लावतानाच निचरा बघा.

दुसरी चूक म्हणजे वाढत्या रोपाची जागा बदलणं. सोटमूळ खोल जातं आणि ते दुखावलेलं या झाडाला अजिबात खपत नाही. हलवायचंच असेल तर ते झोपेत असताना हलवा. तुटलेली मुळं फेकू नका! पेन्सिलीएवढ्या जाड मुळाचे 5 ते 8 सेंटीमीटरचे तुकडे वरचं टोक वरच ठेवून लावले की नवी रोपं होतात. आवडत्या जातीची रोपं अशीच वाढवावीत, कारण बियांपासून हुबेहूब तोच रंग येईल याचा भरवसा नाही.

बी पुरूही नका. ते बारीक असतं आणि रुजायला त्याला उजेड लागतो, मातीवर भुरभुरून हलकं दाबलं की पुरे. पहिल्या वर्षी बहुधा फूल येत नाही, तेव्हा घाई नको.

नत्राचं खत भरपूर घातलं की पानं माजतात आणि 60 ते 90 सेंटीमीटरचे दांडे लवतात. सावलीतही तेच. जिथे हिवाळा नावापुरताच असतो, तिथे हे झाड लावूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. थंडीची विश्रांती मिळाली नाही तर ते कुढत राहतं.

फुलदाणीसाठी पूर्ण उमललेलं फूल तोडू नका, पाकळ्या लगेच गळतात. कळीच्या फटीतून रंग डोकावला की पहाटे तोडा आणि चीक येणारं दांड्याचं टोक काही सेकंद ज्योतीवर धरून मग पाण्यात ठेवा.