पहिल्यांदाच एकटे फुटबॉलच्या मॅचला निघालात? या चुका टाळा

रात्र रात्र जागून युरोपातल्या मॅच बघणारे कित्येक जण आपल्याच गावातल्या मैदानावर कधी फिरकलेले नसतात. बरोबर यायला कोणी नाही, हे ठरलेलं कारण. माझं मत उलटं आहे: पहिली मॅच एकट्यानेच बघावी. सोबत मित्र असला की निम्मा वेळ गप्पांत जातो, आणि त्याला कंटाळा आला की तुम्हालाही उठावं लागतं. फक्त एकट्या माणसाने काही गोष्टी आधीच माहीत करून घेतलेल्या बऱ्या. उदाहरण कोल्हापूरचं घेतो, कारण पेठापेठांतून जगणारा फुटबॉल महाराष्ट्रात बघायचा तर तिथेच.

सुरुवातच फायनलने करू नका

राजर्षी शाहू स्टेडियमवरचा हंगाम साधारण थंडीत सुरू होतो आणि पार उन्हाळ्यापर्यंत चालतो. आधी केएसएची, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची लीग, मग एकामागून एक चषक. पाटाकडील, शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा, बालगोपाल, दिलबहार, प्रॅक्टिस क्लब ही संघांची नावं तिथल्या पोरांना शाळेतल्या पाढ्यांआधी पाठ होतात. नवखा माणूस नेमकी पाटाकडील विरुद्ध शिवाजी अशी मॅच निवडतो, कारण चर्चा तिचीच असते. त्या दिवशी खच्चून गर्दी, पोलीस बंदोबस्त, पेठेचा पेठेशी जुना हिशेब. बसायला धड जागा मिळत नाही आणि समोरचा अर्धा खेळ उभ्या राहिलेल्या माणसांच्या पाठीमागे होतो. शिवाय हुल्लडबाजीमुळे खेळ थांबण्याचे प्रकारही कोल्हापूरला नवे नाहीत.

त्यापेक्षा लीगची, आठवड्यातल्या मधल्या वाराची एखादी मॅच धरा. खेळाडू तेच, चुरस पुरेशी, आणि जागा तुमच्या मर्जीची. कुठली मॅच कधी आहे ते स्थानिक वर्तमानपत्रांत खेळाच्या पानावर, आदल्या दिवशीच्या बातमीच्या शेवटी ‘आजचे सामने’ म्हणून छापलेलं असतं. तिकीट असेल तर सुटे पैसे जवळ ठेवा.

एकट्या बाईने जायचं असेल तर हाच सल्ला दुप्पट लागू. शिवाय शिरतानाच गेटवरच्या स्वयंसेवकाला विचारायचं, “दादा, घरची माणसं घेऊन आलेले कुठल्या बाजूला बसतात?” संकोच नको. हा प्रश्न त्यांना नवीन नसतो.

टी-शर्टचा रंग

तालमींचे, म्हणजे पेठांतल्या या संघांचे, रंग ठरलेले असतात आणि ते तुम्हाला माहीत नसतात. कपाटातला बार्सिलोनाचा किंवा ब्राझीलचा टी-शर्ट हौसेने घालून जाल आणि भलत्याच संघाचे समर्थक ठराल. कोणी मारणार नाही, पण “ह्यो कुठला?” अशा नजरा दीड-दोन तास झेलाव्या लागतील. पहिल्या दिवशी करडा, पांढरा, काहीतरी बिनबोलका रंग घाला.

खाली, जाळीजवळ बसणं

ही सगळ्यात मोठी चूक, आणि जवळजवळ प्रत्येक जण करतो. वाटतं, जितकं जवळ तितकं छान. जवळून बूट आपटल्याचा आवाज येतो, खेळाडू एकमेकांवर ओरडलेले ऐकू येतात, ते सगळं खरंच मजेचं आहे. पण डोळा मैदानाच्या पातळीवर आला की अंतर कळत नाही. पलीकडच्या बाजूची पास वीस फूट गेली की चाळीस, बचावफळी वर सरकली की मागे राहिली, काही समजत नाही. नुसते पाय दिसतात. टीव्हीचा मुख्य कॅमेरा मध्यरेषेच्या समोर आणि उंचावर असतो तो उगाच नाही. तुम्हीही मध्यरेषेच्या आसपास, वरच्या पायऱ्या धरा. हौस असेल तर उत्तरार्धात खाली येऊन बसा.

दुपारच्या मॅचला पाठ पश्चिमेकडे हवी. नाहीतर चार वाजल्यापासून कपाळावर हात धरून बसावं लागतं. आणि उन्हाने तापलेल्या काँक्रीटच्या पायरीवर बसायला जुना पेपर न्यायला विसरू नका.

बॉलच्या मागे मागे धावणारा डोळा

टीव्हीने लावलेली ही सवय. तिथे कॅमेरामन ठरवतो तेच दिसतं, म्हणून बॉल हाच सगळा खेळ वाटायला लागतो. मैदानावर मात्र बावीसच्या बावीस जण सतत समोर असतात, आणि त्याच कारणासाठी इथवर यायचं. दहा मिनिटं फक्त एका स्ट्रायकरवर नजर ठेवून बघा. बॉल शंभर फूट लांब असताना तो स्टॉपरच्या, म्हणजे मधल्या बचावपटूच्या, खांद्याआड कसा लपतो, दोन पावलं मागे येऊन एकदम कसा सुटतो. २०१७ साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव मूळचा या कोल्हापूरचाच. पुढचा कोणी तुमच्या समोर पळत असेल, तर तो बॉल पायात नसताना ओळखू येईल.

“काय झालं ते कळलंच नाही”

रिप्ले नाही, समालोचन असलं तर माइकच्या घरघरीत विरलेलं, आणि स्थानिक मॅचला व्हीएआर (व्हिडिओ बघून निर्णय तपासणं) वगैरे काही नसतं. मग कळणार कसं? पंच सगळं हातांनी सांगत असतात, ते वाचायला शिका.

गोल झाला की उडी मारण्याआधी बाजूच्या रेषेवरच्या सहायक पंचाकडे बघा. तो मध्यरेषेकडे पळत सुटला तर गोल धरा. जागेवर थांबून झेंडा वर केला असेल तर काहीतरी बिनसलंय. ऑफसाइडची, म्हणजे बचावफळीच्या पलीकडे राहून बॉल घेतल्याची, शिट्टी झाल्यावर त्याचा झेंडाही बोलतो: तिरका वर म्हणजे ऑफसाइड पलीकडच्या बाजूला, आडवा म्हणजे मैदानाच्या मध्यावर, तिरका खाली म्हणजे त्याच्या स्वतःच्या बाजूला. मुख्य पंचाने फ्री किकच्या वेळी हात सरळ वर धरून ठेवला, तर ती अप्रत्यक्ष फ्री किक. बॉल दुसऱ्या कुणाला लागल्याशिवाय थेट मारलेला गोल धरत नाहीत. आणि थ्रो-इन, कॉर्नर किंवा गोल किकवरून थेट बॉल मिळाला तर ऑफसाइड नसतोच. आजूबाजूची निम्मी गॅलरी तरीही “ऑफसाइड!” म्हणून ओरडणार. ओरडू द्या.

एवढं करूनही अडलंच, तर शेजारी बसलेल्या, केस पांढरे झालेल्या प्रेक्षकाला विचारा. “मामा, फाउल कुणाचा दिला?” एवढं पुरतं. पुढे गोलकीपरच्या आजोबांपर्यंतची माहिती न मागता मिळते. मोबाइलवर शोधत बसलात तर तेवढ्यात गोल होऊन जातो, आणि तो परत कोणी दाखवत नाही.

टाळ्या कुणालाही वाजवा, चांगल्या खेळाला कोणी आडवं येत नाही. पण बसलाय त्या घोळक्याच्या विरुद्ध संघाने गोल केला तर उभं राहून नाचायची ती जागा नव्हे. पंचाला शिव्या घालण्यात तर नवख्याने अजिबात पडू नये.

अंधेरीला किंवा फातोर्ड्याला जाणार असाल तर

मुंबई फुटबॉल अरेना किंवा मडगावजवळचं फातोर्ड्याचं नेहरू स्टेडियम इथल्या मोठ्या मॅचचा शिरस्ता वेगळा. गेटवर झडती होते. पाण्याची बाटली, पॉवर बँक, मोठी बॅग, हेल्मेट बहुधा अडवतात, आणि एकट्या माणसाला “जरा धर रे” म्हणायला कोणी नसतं. हेल्मेट गाडीलाच कुलपात अडकवा. अंधेरीला मेट्रोने आझाद नगरला उतरणं सगळ्यात सोपं. एकदा बाहेर पडलं की सहसा परत आत घेत नाहीत, त्यामुळे मध्यंतरात चहाला म्हणून गेटबाहेर जाऊ नका.

निघण्याची घाई

नव्वदाव्या मिनिटाला उठणारे बरेच असतात. वाया गेलेल्या वेळेची भरपाई त्यानंतर मिळते, आणि दमलेल्या पायांच्या त्या मिनिटांत गोल होतात. बाद फेरीची मॅच असेल तर टायब्रेकरही, म्हणजे पेनल्टी मारून निकाल, लागू शकतो. बरोबरी झाली म्हणून निघून जाऊ नका. लीगमध्ये मात्र बरोबरी म्हणजे बरोबरीच, वाट बघण्यात अर्थ नाही.

मॅच संपल्यावर दहा-पंधरा मिनिटं जागेवरच बसा. जिंकलेल्या पेठेची पोरं गुलाल आणि गाड्या घेऊन आधी बाहेर पडतात, त्या गर्दीत अनोळखी माणसाने सापडण्याचं कारण नाही. गाडी म्हणूनच स्टेडियमच्या दारात लावू नये. दोन गल्ल्या अलीकडे लावा आणि चालत या.