सैल स्क्रू आणि पहिली गोळी
१०० मीटरवर माझ्या रायफलचा नेम रोज वेगळीकडेच लागायचा. स्कोपच्या, म्हणजे नेम धरायच्या दुर्बिणीच्या, नेम जुळवायच्या चकत्या फिरवून थकलो, काडतुसंही बदलून पाहिली. शेवटी स्कोप उतरवला, तर बेसचा, म्हणजे स्कोप रायफलवर बसवायच्या पट्टीचा, मागचा स्क्रू नुसत्या बोटांनी फिरला! आट्यांमध्ये तेल साचलं होतं. सगळं पुसून कोरडं केलं, टॉर्क रेंचने (किती जोराने आवळलं ते मोजणाऱ्या पान्याने) ठरलेल्या मापात आवळलं, आणि गोळ्या ३ सेंटिमीटरच्या आत पडू लागल्या. हाच फैलाव ४०० मीटरवर १२ सेंटिमीटर होतो, हे लक्षात ठेवावं लागतं.

मग रायफल बाकावर टेकवून करायचा सराव कमी केला. शिकारीत खरी ती पहिली गोळी, थंड नळीतून सुटणारी. म्हणून रोज एकच गोळी, जमिनीवर बसून. ४०० मीटरवर पाचांतल्या दोन लक्ष्याबाहेर गेल्या. माझी हद्द सध्या ३०० मीटर. जनावर जखमी होऊन निसटलेलं मला सहन होणार नाही.