‘त्याला कसं कळलं, तिथेच जायचं ते?’

पेशीत प्रथिनं कशी तयार होतात, यावर आम्ही पहिलं नृत्य बसवलं तेव्हा मला ते फार देखणं वाटलं होतं. संदेशवाहक आरएनएचा, म्हणजे प्रथिनाची कृती लिहिलेल्या रेणूचा, धागा म्हणून नऊ जणी रांगेत, त्यांच्याभोवती दोघांचा रायबोसोम, म्हणजे ती कृती वाचून प्रथिन जोडणारं यंत्र, आणि विंगेतून तालात येणारे टीआरएनए, म्हणजे प्रथिनाचे सुटे मणी (अमिनो आम्लं) आणणारे रेणू. प्रत्येक जण अमिनो आम्ल घेऊन नेमका आपल्या जागी थांबायचा. प्रयोगानंतर पुढच्या रांगेतल्या एका मुलीने विचारलं, “त्याला कसं कळलं, तिथेच जायचं ते?”

त्याला कळत नाही, हेच खरं उत्तर. पेशीतले रेणू उष्णतेमुळे सतत इकडेतिकडे आदळत असतात. चुकीचा टीआरएनए येतो, जुळत नाही, निघून जातो. आरएनएवरचा तीन अक्षरांचा संकेत जुळला तरच तो टिकतो. आमच्या निवेदनात एकही चूक नव्हती, पण हालचाली भलतंच सांगत होत्या. आणि लोक लक्षात ठेवतात ते हालचाली.

दुसऱ्यांदा बसवताना आम्ही पावलं ठरवलीच नाहीत, नियम ठरवला. वाट फुटेल तिकडे चालायचं, धक्का लागला की दिशा बदलायची, रायबोसोमपाशी पोचलो की हाताच्या तीन खुणा दाखवायच्या. जुळल्या नाहीत तर परत फिरायचं. पहिल्या तालमीत चार मिनिटांत तीनच अमिनो आम्लं जोडली गेली. तालीम बघायला आलेली मंडळी मात्र खुर्चीच्या कडेला सरकून, आता जुळतंय का, हे बघत होती. जिवाणूत हे काम सेकंदाला साधारण १५-२० अमिनो आम्लं इतक्या वेगाने चालतं. हा वेग नाचून दाखवता येत नाही, म्हणून तेवढं एक वाक्य आम्ही बोलून सांगतो.

कल्पना जुनीच आहे. १९७१ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या मैदानावर विद्यार्थ्यांनी हाच विषय नाचून दाखवला. त्याच्या चित्रफितीत आधी विज्ञान समजावतात ते पॉल बर्ग, १९८० च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचे एक मानकरी. तुम्ही पीएचडी करत असाल तर २००८ पासून चालू असलेली ‘डान्स युअर पीएचडी’ स्पर्धा जरूर बघा. तिथे संशोधकाला स्वतः नाचावं लागतं. २०१८ ची विजेती चित्रफीत अतिवाहकतेवर, म्हणजे अतिथंड पदार्थातून वीज विनाअडथळा वाहण्यावर, होती आणि त्यात स्विंग नाच होता. एरवी एकमेकांना दूर लोटणारे इलेक्ट्रॉन थंडीत जोड्या करतात, आणि स्विंग हा नाचच मुळी जोडीचा! असा मेळ सापडला की अर्धं काम झालं.

विषय निवडताना नाव नको, क्रियापद शोधा: काय आदळतं, काय अडतं, काय सुटतं. ‘डीएनए’वर नाच बसत नाही, डीएनएची गाठ सुटण्यावर बसतो. वैज्ञानिकाला पहिल्या तालमीपासून बसवा. रंगीत तालमीला बोलावलं तर तो फक्त चुका दाखवेल आणि तुमच्याकडे त्या सुधारायला वेळ नसेल.

प्रयोगानंतर समजावायची घाई करू नका. आधी विचारा, “तुम्हाला काय दिसलं?” आम्ही आता शेवटी प्रेक्षकांतल्या चौघांना मंचावर बोलावतो, नियम तेवढा सांगतो आणि बाजूला होतो.