दुष्काळ शोधताना 'टंचाई'ही टाइप करा

रिसर्च पेपरसाठी डेटाबेस उघडायच्या आधी लॉगिनचं बघा. कॉलेज अनुदानित असेल तर बहुधा एन-लिस्टचं, म्हणजे कॉलेजांना ई-जर्नल्स आणि ई-पुस्तकं पुरवणाऱ्या योजनेचं, सदस्यत्व असतं. आयडी ग्रंथपालांकडून घ्या आणि त्यांच्यासमोरच एकदा उघडून बघा. सबमिशनच्या आदल्या रात्री पासवर्ड रुसला, तर तो सोडवायला कुणी नसतं. अनुभवाने सांगतोय.

मग एक कोरा कागद घ्या, कारण खरं काम तिथे आहे. डेटाबेसला तुमचा प्रश्न कळत नाही, लेख लिहिणाऱ्याने वापरलेला शब्द तेवढा सापडतो. समजा, विषय आहे महाराष्ट्रातला १९७२चा दुष्काळ. नुसतं 'फॅमिन' टाकलंत तर इंग्रजी अमदानीतले दुष्काळच जास्त अंगावर येतील. १९६३ साली राज्याने चक्क कायदा करून आपल्या कायद्यांतून हा शब्द काढून टाकला, आणि सरकारी कागदांत उरली 'स्केअर्सिटी', म्हणजे टंचाई. (शब्द गेला, दुष्काळ नऊ वर्षांनी आलाच.) तेव्हा 'फॅमिन', 'ड्रॉट', 'स्केअर्सिटी' एकाखाली एक लिहा. शेजारच्या रकान्यात रोजगार हमी आणि मजुरीचे शब्द, तिसऱ्यात गावं-जिल्हे, तेही जुन्या नावांनी. तेव्हाच्या इंग्रजी लेखात धाराशिव नव्हे, उस्मानाबाद असणार.

एका रकान्यातले शब्द 'ऑर'ने जोडून कंसात ठेवायचे आणि रकाने एकमेकांना 'अँड'ने बांधायचे. 'एम्प्लॉयमेंट गॅरंटी'सारखी जोडी अवतरणचिन्हांत टाका. 'फार्म'ला पुढे चांदणी (*) लावली की बहुतेक ठिकाणी फार्मर, फार्मिंग सगळे येतात. 'नॉट' मात्र जपून. बिहार नको म्हणून वगळलंत, तर बिहार आणि महाराष्ट्राच्या दुष्काळांची तुलना करणारा नेमका हवा तो लेखही गळतो.

इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकलीचे जुने अंक जेस्टोर या जर्नल्सच्या ऑनलाइन संग्रहात आहेत. प्रबंधांसाठी शोधगंगा, म्हणजे भारतीय विद्यापीठांतल्या पीएचडी प्रबंधांचा ऑनलाइन साठा, तिला लॉगिनही लागत नाही. तिथे मराठी शीर्षक देवनागरीत आणि रोमनमध्ये, दोन्ही तऱ्हांनी टाकून बघा. प्रबंध सापडला की आधी शेवटची संदर्भसूची वाचा, कुणीतरी चार-पाच वर्षं घासून केलेला शोध तुम्हाला आयता मिळतो. एखादा चांगला लेख हाती आला तर त्याच्या नोंदीतले विषयशब्द कागदावर चढवा आणि पुन्हा शोधा.

कोणत्या तारखेला कुठे काय टाइप केलं, ते वहीत टिपा. पीडीएफ उतरवली की तिथल्या तिथे लेखक आणि साल घालून नाव बदला.