मेथिलफेनिडेटची गोळी सुरू करताना

एडीएचडीसाठी, म्हणजे मुलाचे लक्ष न टिकणे आणि अति चंचलता या विकारासाठी, डॉक्टरांनी मेथिलफेनिडेट लिहून दिल्यावर मराठवाड्यातील पालकांपुढे पहिला प्रश्न दुष्परिणामांचा नव्हे, तर गोळी मिळण्याचा असतो. हे औषध शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे विक्रीवर कडक नियंत्रण असलेल्या औषधांच्या सरकारी यादीत, येते. त्यामुळे चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक प्रत दुकानदाराला दोन वर्षे जपावी लागते आणि तालुक्याच्या अनेक मेडिकलमध्ये ते नसतेच. म्हणून छत्रपती संभाजीनगरच्या घाटी या सरकारी रुग्णालयात किंवा अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयात तपासणी झाली असेल, तर गोळी कोठे मिळेल हे तेथेच विचारून निघावे आणि आठवड्याच्या गोळ्या शिल्लक असतानाच पुढची चिठ्ठी घ्यावी.

घराण्यात कोणी तरुणपणी हृदयविकाराने दगावले असेल, मुलाला कधी भोवळ आली असेल किंवा डोळे मिचकावण्यासारखी सवय असेल, तर ते आधीच सांगावे. वजन, उंची, नाडी व रक्तदाब पहिल्याच दिवशी वहीत टिपून ठेवावा. मात्रा सहसा ५ मिलिग्रॅमपासून सुरू होऊन हळूहळू वाढते. ती वाढवण्याचे काम डॉक्टरांचे.

साध्या गोळीचा परिणाम तीन-चार तास टिकतो, तर दीर्घकाळ चालणाऱ्या गोळीचा आठ ते बारा तास. ही दुसरी गोळी कुटून किंवा चावून देऊ नये. भूक मंदावणे हा सर्वांत नेहमीचा त्रास. त्यावर सोपा उपाय असा, की सकाळी दही-धपाटे पोटभर खाऊ घालून मगच गोळी द्यावी, दुपारचा डबा तसाच परत आला तर रागावू नये आणि संध्याकाळी भूक परतली की भाकरी तयार ठेवावी. झोप उडत असेल, तर दुपारनंतरच्या मात्रेविषयी विचारावे. औषध उतरताना होणारी चिडचिड वेळेसह वहीत लिहावी.

मूल गप्प बसू लागले म्हणजे औषध लागू पडले, असे घरचे आनंदाने सांगतात. ते मला नेहमी खटकते. नेहमी बडबडणारे पोर शून्यात पाहत बसत असेल, तर मात्रा जास्त होत असण्याची शक्यता असते. छातीत दुखणे, बेशुद्धी किंवा भास झाल्यास पुढची गोळी न देता तातडीने रुग्णालय गाठावे.

डबी कुलपात ठेवावी. लातूरला नीटची तयारी करणाऱ्या थोरल्या भावाने रात्रभर जागण्यासाठी यातली एक मागितली, तरी देऊ नये. ती त्याच्या नाडीसाठी आणि रक्तदाबासाठी कोणी तपासून दिलेली नाही.