टाकी, पंप आणि मधली उडी

गच्चीवरच्या टाकीचं मॉडेल करताना मी मुलांना आधी अवस्था लिहायला लावते: पंप चालू, पंप बंद. मग समीकरण. पातळी बदलण्याचा दर म्हणजे आत येणारं पाणी वजा बाहेर जाणारं, भागिले टाकीचं क्षेत्रफळ. पंप बंद असेल तर आवक शून्य.

पातळी 0.3 मीटरला उतरली की पंप चालू, 0.9 ला पोचली की बंद. मर्यादा दोनच हव्यात. एकच ठेवली की पंप क्षणाक्षणाला चालू-बंद होतो आणि गणित अडकतं.

सायपायमध्ये, म्हणजे पायथनच्या गणिती लायब्ररीत, समीकरणातच ‘जर-तर’ घुसडू नका; सॉल्व्हर, म्हणजे समीकरण पायरीपायरीने सोडवणारा प्रोग्राम, त्याची पायरी मर्यादा ओलांडून जाते. ‘पातळी वजा 0.9’ हे इव्हेंट फंक्शन द्या, म्हणजे मर्यादा गाठली की शून्य होणारी राशी; त्याचं टर्मिनल ट्रू करा, म्हणजे ‘इथे थांब’ असं सांगा. शून्याची नेमकी वेळ शोधून सॉल्व्हर थांबतो. अवस्था बदला (हीच मधली उडी), तीच पातळी घेऊन पुन्हा सोडवा. पंप चालू असताना फक्त वरची मर्यादा तपासा, बंद असताना खालची.