रोज सोलापुरात, अधूनमधून ट्रॅकवर: एकाच गाडीला ब्रेक पॅड कोणते टाकायचे

रेस ट्रॅकचे भारी ब्रेक पॅड टाकून डिसेंबरच्या सकाळी सात वाजता होटगी रोडवरून निघालात आणि पहिल्याच चौकात रिक्षा आडवी आली तर काय होतं ते आधी सांगतो, कारण पॅड घेताना हे कोणी विचारतच नाही. पेडल रोजच्यासारखंच दाबता, पण गाडी रोजच्यासारखी थांबत नाही, दोन हात पुढे जाते. पॅड खराब नसतो. तो गरम झाल्याशिवाय धरतच नाही, आणि गावातल्या गावात तो गरम कधी होणार? म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की गाडी दोन्हीकडे चालवायची असेल तर पॅडची पहिली परीक्षा गार असतानाच्या पहिल्या ब्रेकची. त्यात जो नापास तो ट्रॅकवर कितीही भारी असू दे, रोजच्या गाडीत नको.

आता ट्रॅकवर वेगळं काय होतं ते बघू. गाडीची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, वेग दुप्पट तर ऊर्जा चौपट. विजापूर रोडला 60 वरून पूर्ण थांबलात तर ब्रेकवर जेवढी गरमी येते, त्याच्या जवळजवळ साडेचार पट ट्रॅकवर 140 वरून फक्त 60 वर यायला येते. बरं ते एकदाच नाही, पुढच्या वळणाला परत, त्याच्या पुढच्याला परत, डिस्कला, म्हणजे पॅड जिला दाबून धरतो त्या चाकामागच्या तबकडीला, गार व्हायला मध्ये वेळच मिळत नाही. कोइमतूरची करी मोटर स्पीडवे 2.1 किलोमीटरची आहे, म्हणजे ज्या वळणाला जोरात ब्रेक मारला तेच वळण दोन मिनिटांच्या आत परत समोर येतं. आपल्याकडं बरेच जण म्हणतात की सोलापूरच्या 43-44 डिग्रीच्या उन्हानं ब्रेक जातात, तर तसं नाही, जिथं डिस्क 400-500 डिग्रीला जाते तिथं बाहेरच्या हवेच्या दहा-वीस डिग्रीनं फार फरक पडत नाही. फरक पडतो तो वेगाचा आणि दोन ब्रेकमधल्या वेळेचा.

पॅडवर पैसे घालायच्या आधी एक ओळखायला शिका, तुमचे ब्रेक जातात म्हणजे नेमकं काय जातं. माझ्या पहिल्या ट्रॅक डेला, म्हणजे आपली गाडी ट्रॅकवर पळवायच्या दिवशी, पाचव्या लॅपला (फेरीला) पेडल मऊ पडलं आणि पुढच्या वळणाला जवळजवळ तळाला गेलं, दोनतीनदा पंप केल्यावर कुठं थोडं वर आलं. त्या क्षणी पोटात जो गोळा आला तो अजून आठवतो. मी घरी येऊन लगेच महागडे पॅड शोधायला लागलो होतो, पण आमच्या मिस्त्रींनी डबीतलं ब्रेक ऑइल बाटलीत काढून समोर धरलं, चहासारखं काळपट, तीन वर्षं बदललंच नव्हतं. "आधी हे बदला साहेब, पॅडचं नंतर बोलू" म्हणाले, आणि ते शंभर टक्के बरोबर होतं. पेडल मऊ पडून खाली जात असेल तर ऑइल उकळलंय, लाइनमध्ये वाफ झालीय. पेडल दगडासारखं कडक लागतंय पण गाडी थांबत नाही, तेव्हा पॅड फेड झालाय, म्हणजे अति तापून त्याची पकड गेलीय. दोन आजार वेगळे, औषधं वेगळी. नवीन पॅड डिस्कवर नीट रुळवायच्या आधीच जोरात तापवला तर त्यातल्या रेझिनचा (पॅडचा मसाला धरून ठेवणाऱ्या चिकट पदार्थाचा) गॅस निघून पण दुसऱ्या आजारासारखंच वाटतं, रुळवायचं कसं ते पुढं बेडिंगमध्ये सांगतो.

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं आणि ओल आत गेली की उकळायचं तापमान खाली येतं. डॉट हा ऑइलच्या बाटलीवरचा दर्जा. डॉट 3 नवीन असताना किमान 205 डिग्रीला उकळतं, ओल शोषल्यावर 140. डॉट 4 चे आकडे 230 आणि 155, डॉट 5.1 चे 260 आणि 180. हे कमीत कमीचे आकडे आहेत, चांगल्या कंपनीचं ऑइल याच्या वर असतं, मोतुल आरबीएफ 600 नवीन असताना 312 डिग्रीचं आहे. नुसतं डॉट 5 लिहिलेलं घेऊ नका, ते सिलिकॉनचं असतं, नेहमीच्या ऑइलमध्ये चालत नाही. ट्रॅकला जायच्या आधी ताजं ऑइल, चारी चाकांच्या ब्रेक लाइनमधली हवा काढून, आणि रोजच्या गाडीत पण दोन वर्षांच्या पुढं ठेवू नका. हे केल्यावर साधे कंपनीचे पॅड सुद्धा सावकाश शिकणाऱ्याला पहिला ट्रॅक डे पार पाडून देतात, फक्त चार-पाच लॅप झाले की गाडी गार करायची.

आता पॅड. कंपनीतून येतात ते बहुतेक ऑरगॅनिक (धातू नसलेले) नाहीतर लो-मेटॅलिक (धातू कमी असलेले). गार असताना छान धरतात, आवाज कमी, डिस्क कमी खातात, पण साधारण 300-350 डिग्रीच्या पुढं पकड सोडायला लागतात. रस्त्याचे सिरॅमिक पॅड म्हणजे काळी भुकटी कमी आणि अलॉय व्हील स्वच्छ, पण सिरॅमिक शब्द ऐकून ते रेसचे आहेत असं समजू नका, तशी गल्लत फार जण करतात. सेमी-मेटॅलिक, म्हणजे धातू बराच असलेले, गरमीला जास्त टिकतात, बदल्यात भुकटी, कुरकुर आणि डिस्कची झीज. आणि पक्के रेस पॅड गार असताना डिस्कला कानशीसारखे घासतात, म्हणजे गावात चालवून तुम्ही डिस्कही खाता आणि थांबायला अंतरही जास्त लागतं, दोन्हीकडून तोटा.

काही पॅडच्या कडेला कोड असतो, त्यात एफएफ, जीजी अशी दोन अक्षरं. पहिलं नेहमीच्या तापमानाच्या पकडीचं, दुसरं गरम असतानाचं. ई म्हणजे पकड (घर्षणाचा गुणांक) 0.25 ते 0.35, एफ म्हणजे 0.35 ते 0.45, जी म्हणजे 0.45 ते 0.55. पण ती गरम टेस्ट साधारण 340 डिग्रीपर्यंतच असते, म्हणजे ट्रॅक जिथं खरा सुरू होतो तिथं ती संपते. पहिलं अक्षर जास्त कामाचं, रस्त्यासाठी तिथं ई असेल तर मी घेत नाही. ईसीई आर90 या युरोपातल्या नियमाचा शिक्का असेल तर तो पॅड मूळ पॅडच्या 15 टक्क्यांच्या आतबाहेर वागतो, रोजच्या गाडीला ही मोठी खात्री आहे.

मग घ्यायचं काय? वर्षात एक-दोन ट्रॅक डे असतील तर एकच सेट, जोरात चालवणाऱ्या रस्त्याच्या गाडीसाठी बनवलेला, ईबीसीचा यलोस्टफ किंवा हॉकचा एचपीएस अशा वर्गातला, तुमच्या मॉडेलला मिळेल तो, आणि सोबत ताजं ऑइल. फेरोडोचा डीएस2500 याच्या पुढची पायरी, ट्रॅककडं झुकलेला, घेताना रोज थोडा आवाज सहन करायची तयारी ठेवा. वर्षात चार-पाच वेळा जाणार असाल तर तडजोड सोडा आणि दोन सेट ठेवा. पुढचे पॅड बदलायला सरावल्यावर तासभर लागतो, ट्रॅकवर पोचून बदला, निघताना परत रस्त्याचे टाका. सोलापूरहून कोइमतूर हजार किलोमीटरच्या आसपास आहे, तेवढा हायवे रेस पॅडवर जायचा आणि मध्ये टोलनाक्याला गार ब्रेक मारायचा, हे मला पटत नाही. दोन वेगळ्या जातीच्या पॅडना शक्यतो डिस्कपण वेगळ्या ठेवा, ते जमत नसेल तर निदान डिस्क पॉलिश पेपरनं घासून ब्रेक क्लीनरनं पुसा, कारण डिस्कवर बसलेला एका पॅडचा थर दुसऱ्याला मानवत नाही.

मागं डिस्कऐवजी ड्रम ब्रेक असेल, आपल्याकडच्या बऱ्याच हॅचबॅकला असतोच, तर पुढं फार चावरे पॅड टाकून फायदा होत नाही, पुढची चाकं लवकर लॉक होऊन एबीएसच आधी कामाला लागतं. मागचे लाइनर (ड्रममधले पॅडच म्हणा) चांगले आणि नीट ॲडजस्ट केलेले ठेवा. चारी डिस्क असतील तर फक्त मागं जास्त पकडीचे पॅड कधीच टाकू नका, जोरात ब्रेक मारताना गाडीची मागची बाजू सटकते.

पॅड टाकताना डिस्कची जाडी मोजून घ्या, किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते. कॅलिपरच्या, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या पकडीच्या, पिना बोटानं सरकल्या पाहिजेत, अडकत असतील तर साफ करून त्यांचंच ग्रीस लावा, नाहीतर एक पॅड झिजतो आणि दुसरा तसाच राहतो. भुकटी हवेच्या पाइपनं उडवू नका, फुफ्फुसात जाते, ओल्या फडक्यानं पुसा. गाडी हलवायच्या आधी पेडल कडक लागेपर्यंत पंप करा, हे विसरून गाडी गॅरेजच्या भिंतीला लागलेली मी बघितलीय.

बेडिंग, म्हणजे नवीन पॅड डिस्कवर रुळवणं, सगळ्यात जास्त चुकतं. पॅडचा पातळ सारखा थर डिस्कवर बसवायचा असतो. पहाटे मोकळा सरळ रस्ता बघा, मागं कोणी नाही याची खात्री करा, 80 वरून 20 पर्यंत मध्यम जोराचे आठ-दहा ब्रेक लागोपाठ मारा, पूर्ण थांबायचं नाही, मग दहा मिनिटं ब्रेक न लावता गाडी चालवून गार करा. पॅडच्या कंपनीनं वेगळी पद्धत दिली असेल तर तीच करा. मी तुळजापूर रोडला जातो, पण कोजागरीच्या आसपास तिकडं फिरकत नाही, चालत जाणाऱ्या भाविकांनी रस्ता भरलेला असतो. गरम ब्रेकवर पेडल दाबून उभं राहिलात तर पॅडचा ठसा एकाच जागी उठतो, पुढं स्टिअरिंग थरथरतं आणि लोक म्हणतात डिस्क वाकडी झाली. बऱ्याचदा वाकडी झालेली नसते, थर कमीजास्त बसलेला असतो.

हाच नियम ट्रॅकवर. शेवटचा लॅप ब्रेकला जवळजवळ हात न लावता काढा, आत आल्यावर हँडब्रेक ओढू नका, गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला दगड लावा. रस्त्यावर पॅड 3 मिलिमीटरपर्यंत चालतो, पण ट्रॅकला अर्ध्याच्या खाली गेलेला पॅड नेऊ नका, पातळ पॅडमधून गरमी सरळ कॅलिपरमध्ये आणि तिथून ऑइलमध्ये जाते. परत निघायच्या आधी चाकं काढून पॅडला चिरा आहेत का, कॅलिपरचे रबर जळालेत का बघा, नट टॉर्क रेंचनं आवळा, आणि पेडल सकाळपेक्षा जरा जरी मऊ लागलं तर तिथंच ब्रेक लाइनमधली हवा काढून मग सोलापूरचा रस्ता धरा.